जलपरीचा बाप

आमच्या घरमालकांनी डोळ्यांसमोर आलेलं एकही अक्षर आयुष्यात न वाचता सोडलं नाही, आणि एकही गोष्ट लिहिणाऱ्याच्या मनासारखी वाचली नाही. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि गावात वाचनालय नव्हतं, पण त्यांचं कधी अडलं नाही. खताचं पोतं, औषधाच्या बाटलीचा कागद, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची बाजू, एस.टी.तल्या सूचना, सारं त्यांच्या लेखी साहित्यच होतं. चष्म्याची डावी काडी मोडलेली. तिथे मासोळीच्या जाळ्याचा दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. अशा थाटात ते ओट्यावर बसून, ओठ हलवत, बोट फिरवत वाचायचे, आणि वाचून झालं की अभिप्राय द्यायचे. अभिप्राय दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, "मांडनी चांगली हाय, पन पात्रं लय झाले." खताच्या पोत्याबद्दल, "सुरुवात झकास, शेवट उरकला." धानोऱ्याच्या बाजारात भज्यांची दोन दुकानं होती. त्यातल्या एकाची भजी खारट आणि वातड, तरी आमचे घरमालक जायचे ते तिथेच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भजे खराब हायत, बाई, पन त्याचे कागद वाचनीय रायते."

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले तेव्हा गडचिरोली जिल्हा नवानवा झाला होता आणि मीही मास्तरीण नवीनच. मी चिमूरकडची, बौद्धाची पोर. खोली बघत गावात फिरले तेव्हा लोक आधी आडनाव विचारत आणि मग त्यांच्या लक्षात येई की खोलीत यंदा धान भरून ठेवायचं आहे. धान अजून शेतात, बांधीत उभं होतं, ती गोष्ट वेगळी! मी चिडून परतच निघाले होते. शेवटच्या घराच्या ओट्यावर हे बसलेले. जातीने ढिवर, तलावावरच्या मासेमारांच्या सोसायटीत मान असलेला माणूस. मी खोलीचं विचारलं. त्यांनी चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला, माझ्या ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याच्यात पुस्तकं किती हायत?" मी म्हटलं, असतील पंधरा-वीस. "मंग या न, बाई. उभ्या काऊन राह्यल्या?" त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणू लागले, आणि माझी पुस्तकं त्यांच्या ओट्यावर राहू लागली.

त्यांच्या वाचनाची एक खोड सांगते. भज्यांच्या कागदावर एकदा एका चोरीच्या खटल्याची बातमी आली. चोर कोर्टात उभा, साक्षीदार आले, वकील तावातावाने बोलायला लागले, आणि नेमकं खाली लिहिलेलं, 'पान चारवर'. पान चार कुठलं? भाऊ पुढच्या बाजाराला मुद्दाम दुकानदाराकडे गेले, तर पान चार कोणाच्या तरी फुटाण्यांभोवती गुंडाळून केव्हाच मुरूमगावच्या वाटेला लागलेलं. दुसरा माणूस हळहळून गप्प बसला असता. यांनी पान चार स्वतःच रचलं, चोराला निर्दोष सोडवलं, वर साक्षीदारालाच आत टाकलं, आणि आठवडाभर गावाला ती बातमी इतकी ठासून सांगितली की पोलीसपाटलांनीसुद्धा मान डोलावली. मी म्हटलं, "भाऊ, हे तुम्ही मनाचं सांगताय." तर म्हणाले, "त्यायनं अर्धी लिवली, अर्धी मी लिवली. हिसाब बरोबर झाला न!" आता अशा माणसाशी काय भांडणार?

त्यांची बायको लेक लहान असतानाच गेली होती. घरात ते आणि निमा. निमा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कमी बोलणारी, कामाला वाघीण. आमच्या गावातून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. मी तिच्या मागे लागून तिला चंद्रपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज करायला लावला होता, आणि त्या वर्षी आषाढात तिचं नाव लागलं. पोळ्याच्या आत हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. गावभर पेढे वाटावेत अशी गोष्ट, पण भाऊंनी फक्त एक शब्द काढला, "पाहू." हा 'पाहू' मला चांगला माहीत झाला होता. तलावातली सगळ्यात मोठी मासोळी निसटली तरी हा माणूस घसा फोडून ओरडायचा, आणि इथे नुसतं 'पाहू'! मी आठवण करून दिली की चंद्रपूरला कोळशाचा धुरळा फार असतो असं कुठंतरी वाचल्याचं त्यांना आठवे. कधी तिथलं पाणी जड निघे, कधी एस.टी.चा घाट. चंद्रपूरच्या वाटेवर घाट नाही हो! निमा सारं ऐकायची आणि तांदूळ निवडत राहायची. तिची ट्रंक रिकामीच कोपऱ्यात उभी होती.

अशात ते पुस्तक आलं. चामोर्शीकडच्या बंगाली वस्तीतला एक माणूस दर पावसाळ्यात आमच्या तलावासाठी माशांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, घेऊन यायचा. भाऊंचं वाचनवेड त्याला ठाऊक होतं, म्हणून त्या खेपेला त्याने आपल्या मुलांचं जुनं पुस्तक खास त्यांच्यासाठी आणलं. आमच्या गावाने असलं पुस्तक पाहिलं नव्हतं. हातभर लांब, जाडजूड, पानोपानी रंगीत चौकटी, चौकटींत चित्रं, आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत अक्षरं. गोष्ट जलपरीची. कमरेपर्यंत पोरगी, खाली मासोळी. अक्षरं मात्र सगळी बंगाली. तो माणूस ओशाळून म्हणाला, "दादा, पढ तो नहीं पाओगे." भाऊंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाले, "अक्षरं बंगाली असले त असू दे. चित्रं त आपलेच हायत!"

त्यानंतर भाऊंना दुसरं काही सुचेना. रोज सकाळी जाळं टाकून आले की हात धुवून, धोतराला पुसून पुस्तक उघडायचं. पहिले काही दिवस तर नुसती जलपरीची उलटतपासणी. "बाई, हिले कल्ले नाईत. श्वास कुठून घेऊन राह्यली ही?" मी म्हटलं, भाऊ, गोष्ट आहे. "गोष्ट हाय म्हून का जीव गुदमरवाचा?" दुसऱ्या दिवशी, "मासोळी शेपूट अशी आडवी हालवते. ही खालवर मारून राह्यली. कंबर धरन हिची." मग केसांवर आक्षेप. इतके लांब केस सोडून पाण्यात हिंडते आणि शेवाळाची एक काडी अडकत नाही, हे चित्रकाराने कधी तलावात उतरून पाहिलेलं दिसत नाही, असं मत पडलं. पण हळूहळू टीका थांबली. एका चित्रापाशी ते बराच वेळ बसून होते. पोरगी शिंपल्यांच्या घरात एकटी बसलेली आणि तिच्या डोळ्यांतून बुडबुडे वर निघालेले. मला हाक मारून दाखवलं. "हे पाहा. पान्यात रडलं त कोनाले समजन? म्हून त्यानं आसवाचे बुडबुडे केले. हा मानूस हुशार हाय, बाई." त्या दिवशी त्यांनी चित्रकाराला शेपटीची चूक माफ केली.

पुस्तकात आणखी एक जण होता. भला दांडगा, पांढरी दाढी छातीवर आलेली, तोही कमरेखाली मासाच. शिंपल्यांच्या घराच्या दाराशी तो बसलेला असे. जवळजवळ प्रत्येक पानावर कुठे ना कुठे तो होताच. पोरगी वर उजेडाकडे बघते आहे आणि हा दाराशी बसून तिच्याकडे बघतो आहे. हा तिचा बाप, हे भाऊंनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं. आमच्याकडे दुसरं कोणी काही ठरवलंही नसतं, कारण एका चौकटीत तो दाढीवाला त्या पोरीच्या शेपटीला, अगदी घोट्याच्या जागी, काळा दोरा बांधत होता. काळा दोरा कोण बांधतं? आईबापच बांधतात, लेकराला नजर लागू नये म्हणून. निमाच्याही पायात होता. "माय दिसत नाई कुठी," भाऊ म्हणाले, "मंग बापालेच सारं करा लागते." पुढे तो तिच्या ओंजळीत मोती ओततो. "पाहा, काई कमी पडू देत नाई." पोरगी वर पोहायला निघते, दोरा ताणला जातो, तो हाताने दोरा धरून तिला मागे आणतो. "समजावून आनलं." आणि शेवटी ती दाताने दोरा तोडून पाण्याबाहेर जाते, वर दिवे लागलेलं गाव दिसतं, आणि खाली तो दाढीवाला तोंड वासून, हात उंच करून एकटा. इथे भाऊ दाढीवाल्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बोलावून राह्यला बिचारा. पन पोट्टीनं मागं पाह्यलं नाई."

हे त्यांनी माझ्या एकटीला सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पावसाची झड लागली होती, धानाचं रोवणं आटोपलेलं, बायामाणसं रिकामी. दुपारी ओट्यावर माणसं जमायची आणि भाऊ पान उलटत उलटत जलपरीच्या बापाची कहाणी सांगायचे. काय सांगायचे म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, एकदा माझेही डोळे भरून आले. बाया पदराने नाक पुसायच्या आणि जाताना निमाला म्हणायच्या, "पाय वं माय, बापाचे कसे हाल झाले." कोणाचा बाप, कुठली पोरगी, हे ओट्यावर सगळ्यांना कळत होतं. निमाला तर सगळ्यांच्या आधी. एक दिवस ती माझ्या खोलीत आली आणि दाराला टेकून म्हणाली, "बाई, मी नाई जात चंद्रपूरले. बाबाले कोन हाय?"

माझं डोकं फिरलं. तशीच ओट्यावर गेले आणि म्हटलं, "भाऊ, ही गोष्ट तुम्ही निमाला ऐकवताय. तिला जायचं आहे. पोळा पंधरवड्यावर आलाय."

"मी पुस्तक सांगून राह्यलो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुस्तकाले काय माईत निमा कोन हाय त?"

"मग तिला जा म्हणा."

"मी कुठी नको म्हनलं?" आणि पुन्हा चष्म्याचा दोरा कानामागे. नको म्हटलेलं नव्हतं, हे खरंच होतं. भांडायला नुसता 'नको' हातात असता तर मी सोडलं नसतं हो, पण इथे तर सारं गाव रडवून झालं होतं आणि ह्या माणसाने एक शब्द काढला नव्हता.

पोळ्याच्या आधी बंगाली माणूस बिजाची दुसरी खेप घेऊन आला. त्याला ओट्यावर बोलावलं भाऊंनीच, आणि तेही मोठ्या हौसेने. सगळं पुस्तक त्यांनी चित्रांवरून लावलं होतं, पण त्या शेवटच्या फुग्यात बाप लेकीला हाक मारताना नेमकं काय म्हणतो, ते त्यांना त्याच्याच शब्दांत ऐकायचं होतं. ओटा भरलेला. चहा झाला. निमा कपबश्या उचलून दारातच उभी राहिली. भाऊंनी पान काढून दिलं आणि म्हणाले, "हं, हे वाच. बाप काय म्हनून राह्यला?"

त्या माणसाने वाचलं, आणि गोंधळून वर पाहिलं. "बाप? दादा, ये बाप नहीं है. ये तो राक्षस है. लडकी को चुरा के लाया है."

"अरे, नीट वाच न. घाई काऊन करतं?"

त्याने पुन्हा वाचलं. राक्षसच निघाला. भाऊ हसले, आणि मग एकेक पान उलटून वाद घालायला लागले. "हे पाहा, मोती देऊन राह्यला तिले."

"हां. चुप बैठने के लिए देता है."

"दाराशी बसून राह्यते दिवसरात."

"पहरा देता है, दादा."

"आन् हा दोरा? हा त नजरेचा दोरा हाय! आमी नाई का बांधत?"

तो माणूस त्या फुग्यातली बारीक अक्षरं बोटाने लावत बसला. मग हळूच म्हणाला, "नजर का नहीं. भाग न जाए, इसलिए. जादू का है. लडकी जितना दूर जाएगी, उतना कसेगा."

ओट्यावरच्या एका म्हातारीने कपाळावर हात मारला. "बाप्पा बाप्पा! आमी त ह्या मेल्यासाठी रडलो!" लोक खळखळून हसले. मलाही हसू आलं, पण भाऊंकडे पाहिलं आणि ते ओठांतच राहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी पुस्तक त्या माणसाच्या हातून घेतलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक चौकट पाहिली, आणि विचारलं, "मंग तिचा बाप कुठी हाय?"

"बाप तो नहीं है, दादा."

"मेला का?"

"नहीं नहीं. किताब में बाप है ही नहीं."

"एवढ्या मोठ्या पुस्तकात!" भाऊ म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि उठून बीज पाहायला तलावाकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका पुस्तकावर अभिप्राय दिला नाही.

संध्याकाळ झाली तरी ते परतले नाहीत, म्हणून निमा आणि मी तलावाच्या पाळीवर, बांधावर गेलो. बिजाची भांडी तलावाच्या पाण्यात बुडवून ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. आतलं पाणी आणि तलावाचं पाणी एकसारखं झाल्याशिवाय पिल्लं सोडायची नसतात, नाहीतर मरतात. ते हात घालून पाणी पाहत होते. आम्हाला बघून म्हणाले, "बाई, बापाचा आन् राक्षसाचा चेहरा सारखाच असते का हो? मले फरक काऊन नाई दिसला?"

मग ते निमाला म्हणाले, "तू काऊन थांबून होती व पोरी? मी नाई म्हनलो होतो का तुले?"

निमा काठावर उभी होती. एवढी कमी बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी तिने स्पष्ट सांगितलं. "नाई बी नाई म्हनलं, बाबा, आन् हो बी नाई म्हनलं. मी कशावर जाऊ?"

भाऊंनी भांडं तिरपं केलं. इवलीइवली पिल्लं पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "मंग आता म्हनतो. जा." इतकंच. पण निमा तशीच लुगड्यानिशी पाण्यात उतरली आणि बापाला बिलगून ढसाढसा रडली, आणि मी पाळीवर बसून रडले. भाऊ आपले दोघींवर ओरडताहेत, "अवं, हळू! बीज हाय पान्यात, बीज!"

दोन दिवसांनी तिची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते सडकेपर्यंत आले. रस्ताभर सूचना. तिथलं पानी उकळून पेजो, धुर्रा असन त पदर बांधजो, दवाखान्यातल्या बाटल्यायवरचे कागद फेकू नको, माह्यासाठी ठेवजो. एस.टी. आली. निमा पाया पडून चढली. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीपाशी जाऊन सांगितलं, "दिवाळीले येजो." आणि गाडीबरोबर चार पावलं चालून, "नाई जमलं त नको येऊ. काम सोडून येऊ नको!" परतताना मी त्यांच्यासाठी फुटाण्यांची पुडी घेतली. फुटाणे त्यांनी खाल्ले, पण कागद हातातच राहिला. मी पाहिलं, अक्षरांवर एकदाही बोट फिरलं नाही.

निमा शिकली, नर्स झाली, आणि आमच्याच जिल्ह्यात, पार आतल्या गावांतून बाळंतपणं करत फिरू लागली. त्यानंतर माझी बदली कोरपन्याला झाली. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मुद्दाम वाट वाकडी करून भाऊंना भेटायला गेले. खूप थकले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. पण ओट्यावर पोरं जमलेली आणि मांडीवर तेच पुस्तक. राक्षस होता, दोरा होता, मोती होते, सगळं त्या बंगाल्याने वाचलं होतं तसंच सांगत होते. मला वाटलं, चला, एक तरी पुस्तक यांनी लिहिणाऱ्याच्या मनासारखं वाचलं! पण पोरगी दोरा तोडून वर आली, आणि भाऊ पुढे सांगू लागले, की काठावर तिचा बाप कधीचा बसून होता. त्याने तिला कोरडं लुगडं दिलं, भाकर दिली, आणि ती दिव्यांच्या गावाकडे निघाली तेव्हा तो उठून उभा राहिला.

पोरं पांगल्यावर मी विचारलं, "भाऊ, हा बाप कोणत्या पानावर आहे?"

"चित्रं त सारे पान्याच्या आतले हायत, बाई," ते म्हणाले. "बाप काठावर हाय. तो कसा दिसन?"

मी पुस्तक त्यांच्या मांडीवरून घेतलं. शेवटच्या चौकटीत पोरगी पाण्यातून डोकं वर काढते आहे आणि दूर दिवे दिसताहेत. काठ कुठेच काढलेला नव्हता. मी चित्राच्या कडेने बोट फिरवून पाहत होते, आणि भाऊ माझ्यासाठी चहा सांगायला, सवयीने, आत नसलेल्या निमाला हाक मारायला लागले.